आत्याचा आवाज आणि पेटीचे सूर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी माझी आत्या दहा वर्षांची होती. आजोबांचे बोट धरून ती आजच्या दीक्षाभूमीवर गेली होती. मागील धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी तिची ही आठवण आम्ही मोबाइलवर टिपली. शोभा यावी म्हणून मागे एका सिनेमाचे संगीत लावले. व्हिडिओ इंटरनेटवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी त्यातला सगळा आवाज बंद झाला. संगीत दुसऱ्याच्या मालकीचे होते. आत्याचे ओठ हलत होते, शब्द मात्र नाही!

"माझं बोलनं कुठं गेलं रे बाबू?" तिने विचारले. मी खाली मान घातली. चूक माझीच होती.

मग पुतण्याने वस्तीतल्या गायन पार्टीची जुनी पेटी मागून आणली. मित्राने ढोलकी धरली. दोघांनी स्वतःची लहानशी चाल बांधली आणि फोनवरच रेकॉर्ड केली. पण ढोलकीत आत्याचे शब्द बुडू लागले. त्याने ढोलकी काढली, पेटी हळू केली. बावीस प्रतिज्ञांची आठवण येते तिथे तर नुसती शांतता ठेवली.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव भीमगीते गायली, ती शब्द लोकांपर्यंत पोहोचावेत म्हणूनच. वाद्य हे शब्दांच्या सोबतीला असते.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात १९५६ पाहिलेले कोणी असेल, तर आजच त्यांचे बोलणे टिपून घ्या. मागचे सूर आपल्याच मुलांचे असू द्या, आणि हळू असू द्या.

जयभीम!