आमचा मंद संपादक

संथपणा हा गुण आहे, असे मी वर्गात गेली अठरा वर्षे सांगत आलो आहे. ओवीची चाल संथ, उन्हाळ्यातल्या कृष्णेचे पात्र संथ, आणि चांगला वाचकही संथच असावा, हे माझे ठरलेले वाक्य. मुले ते वहीत उतरवून घेतात. पण गेल्या श्रावणात मी स्वतः टाइप केलेला 'क' पडद्यावर उमटायला पाच-पाच सेकंद लावू लागला, तेव्हा माझी या गुणावरची श्रद्धा पार ढासळली.

मंद झाला होता तो आमचा संपादक. या अंकाच्या संपादकांनी गैरसमज करून घेऊ नये. प्रोग्राम लिहिणारी मंडळी ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात, त्याला 'एडिटर' म्हणतात. भाषांतराची खोड असल्यामुळे आमच्या घरी त्याचा संपादक झाला. मराठीच्या प्राध्यापकाने प्रोग्रामरांच्या संपादकाशी संगत का करावी, हे सांगायचे तर आईच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करावी लागेल.

आईने सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. बायकांच्या तोंडचा एखादा नवा शब्द कानावर पडला की ती तो लिहून ठेवी. कशावर? लग्नपत्रिकेची कोरी बाजू, कॅलेंडरचे पान, किराण्याच्या यादीचे उलटे अंग. तिफण, चाडे, बळद, शिंकाळे, उतरंड. शब्द, त्याचा अर्थ, कोणाकडून ऐकला आणि कोणत्या गावी. ती गेल्यावर अण्णांनी कपाटातून चिठ्ठ्या काढून मोजल्या. ११८० भरल्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म छापखान्यात जुळारी म्हणून गेला. खिळे हद्दपार झाल्यावर त्यांनी संगणकाची पाटीही आपलीशी केली होती. या चिठ्ठ्यांचा कोश करायचा, असे त्यांनीच ठरवले. माझी भाची हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने आजोबांना संपादक बसवून दिला आणि जोडीला 'गिट' नावाची व्यवस्था लावून दिली. "आजोबा, दिवसाचं काम झालं की कमिट करायचं, आणि काय केलं ते एका ओळीत लिहायचं. काही बिघडलं तर मागच्या कुठल्याही दिवसावर जाता येतं."

मला हे गौडबंगाल वाटले. अण्णांना मात्र एका मिनिटात कळले. "म्हणजे प्रुफं जपून ठेवायची. पहिलं, दुसरं, मशीन-प्रूफ. कुणी कुठली चूक कधी सुधारली, ते सापडलं पाहिजे." छापखान्यात पन्नास वर्षांपूर्वी जे शिकले, तेच त्यांना पुन्हा भेटले होते.

या गिटचा जन्म २००५ सालचा. लिनक्स घडवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तो आपल्या मंडळींच्या सोयीसाठी रचला. इंग्रजांच्या बोलीत 'गिट' म्हणजे मूर्ख, नालायक माणूस, आणि मी माझ्या कृतींना माझेच नाव देतो, अशी थट्टा त्याने केलेली आहे. आपल्याकडे कोशकारांनी असली विनोदबुद्धी दाखवल्याचे मला तरी आठवत नाही.

अण्णा दीड वर्षापूर्वी गेले. मग काम माझ्याकडे आले आणि संपादक मंदावला.

प्रथम मी देशी उपचार केले. संगणक तीनदा बंद करून चालू केला. कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून पोह्यांचे दोन दाणे निघाले. देवनागरीचे फाँट जड असतात असे कोणीतरी सांगितले, म्हणून निम्मे काढून टाकले. त्याने परीक्षेच्या प्रश्नपत्रिका चौकोनांनी भरून गेल्या, संपादक होता तिथेच. सौभाग्यवतींनी "नवा घ्या," असा निकाल दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मी वर्गात किती वेळा समजावून सांगितले असेल!

शेवटी गणपतीत भाची आली. मोदक होईपर्यंत तिने माझी उलटतपासणी घेतली.

"मामा, तू काय काय करून पाहिलंस?"

मी यादी सांगितली. पोह्यांचा उल्लेख गाळला.

"आणि मोजलंस किती?"

मोजायचे काय? मंद म्हणजे मंद. पण ती ऐकेना. आधी तिने संपादकाला जोडलेली सारी जादा उपकरणे बंद करून तो उघडला. फरक नाही. मग एक निराळे, रिकामे फोल्डर उघडून त्यात लिहून पाहिले. अक्षरे पटापट पडू लागली! म्हणजे संपादक निर्दोष, खोट आमच्या फोल्डरात. मग पुन्हा आमचेच फोल्डर उघडून संपादकातले गिटचे लक्ष तेवढे बंद केले. पुन्हा पटापट. मग काळी खिडकी उघडून तिने थेट गिटलाच विचारले, की बाबा, काय काय बदलले आहे? उत्तर यायला तेवीस सेकंद लागले. हाच प्रश्न संपादक पाठीमागे, माझ्या नकळत, फोल्डरात काही हलले की विचारत होता. माझी डिस्क जुन्या फिरत्या चकतीची. ती शंभर टक्के त्यातच गुंतलेली. माझ्या 'क'ला वाट कोण देणार?

डॉक्टर जसे नाडी, जीभ, डोळे या क्रमाने जातात, तशी ती एकेक गोष्ट बाजूला काढत गेली. हे पाहताना मला आमच्या पाठचिकित्सेची आठवण झाली आणि भाचीविषयी आदर वाटू लागला. तो आदर फार टिकला नाही, कारण पुढचा प्रश्न होता, "मामा, ही अकरा हजार चित्रं कसली?"

तो माझा पराक्रम. चिठ्ठ्यांवरचे हस्ताक्षर ओळखणारा एक प्रोग्राम मी मे महिन्यात चालवून पाहिला होता. त्याने प्रत्येक ओळीचा निराळा तुकडा कापून फोल्डरात टाकला, आणि वाचताना 'बळद'चे 'बदक' केले. मी प्रोग्राम सोडून दिला, पण तुकडे तिथेच राहिले. गिटच्या खात्यात त्यांची नोंद नव्हती. तरीही प्रत्येक फेरीला हे अनोळखी पाहुणे मोजून दाखवणे त्याला भाग होते. संपादकाच्या कडेला दहा हजारांचा आकडा झळकत होता, तो मी शब्दसंख्या समजून खूश होत होतो.

भर म्हणून सगळे फोल्डर मी सुरक्षिततेसाठी आपोआप इंटरनेटवर प्रत ठेवणाऱ्या जागेत हलवले होते. म्हणजे संपादक एक, प्रत पाठवणारा दुसरा आणि विषाणू तपासणारा तिसरा, असे तीन पहारेकरी एकाच दारात एकमेकांची झडती घेत होते. गिटचे फोल्डर अशा जागी ठेवले तर त्याच्या आतल्या नोंदी बिघडूही शकतात, असे भाचीने सांगितले तेव्हा मात्र माझ्या हातातला मोदक ताटातच राहिला.

तुकडे पुसले, फोल्डर त्या जागेतून बाहेर काढले. अण्णांनी काढलेली चिठ्ठ्यांची छायाचित्रे उरली. मी विद्वत्ता दाखवली, "ती त्या दुर्लक्ष करण्याच्या यादीत घाल की." ती हसली. गिटच्या त्या यादीचा उपयोग अनोळखी पाहुण्यांपुरता. एकदा खात्यात नाव चढले की यादी कामाची नाही, आधी नाव कमी करावे लागते. तेही केले आणि छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर हलवली. तेवीस सेकंदांचे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊ लागले.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण गिट पुसलेले विसरत नाही. फोल्डरातून गेलेली छायाचित्रे त्याच्या पोटात होतीच. लिहिलेला मजकूर तो दाबून, घड्या घालून ठेवतो, त्यामुळे शंभर आवृत्त्या चिमूटभर जागेत मावतात. छायाचित्रे मुळातच दाबलेली असतात, त्यांना आणखी घडी पडत नाही. २३६० छायाचित्रे, त्यांतली कित्येक अण्णांनी नंतर सरळ करून पुन्हा जमा केलेली, आणि दर वेळी पुरी नवी प्रत. पोट चौदा जीबीचे झाले होते. डिस्क काठोकाठ भरलेली. पेन-ड्राइव्हवर प्रत काढायची म्हणजे रात्र जाई.

"सोपं आहे," भाची म्हणाली. "जुना इतिहास उडवू. आजचा मजकूर ठेवून पाटी कोरी करू. दोन मिनिटांचं काम."

मी "नको" म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण स्वयंपाकघरातून ही बाहेर आली.

भाचीला ठाऊक नव्हते. मीही कोणाला सांगितले नव्हते. अण्णा त्या एका ओळीत नुसते काम लिहीत नसत. मी तिला नोंदी उघडून दाखवल्या. 'दहा चिठ्ठ्या. हिचा ळ नेहमीच मोठा.' 'आज दहा. गुडघा दुखतो.' 'चाडे. हा शब्द लग्नानंतर पहिल्या वर्षी लिहिलेला दिसतो, पत्रिका आमचीच आहे.' 'उलटी आलेली चित्रे सरळ केली. तिला उलटे चाललेच नसते.' आईविषयी अण्णा घरात कधी बोलले नाहीत. जे बोलले ते इथे, एका बटणाच्या खाली.

भाची बराच वेळ वाचत बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "इतिहास ठेवून फक्त चित्रं काढता येतात. नोंदींचे क्रमांक बदलतील, तारखा आणि शब्द तसेच राहतील." त्यासाठी निराळे हत्यार आहे आणि ते मूळ प्रतीवर चालवायचे नसते. तिने ताजी प्रत काढली, हत्यार चालवले. चौदा जीबीचे अकरा एमबी झाले. मी टाळी द्यायला हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली, "मोजू दे."

आधी नोंदी होत्या ४१२. आता २७५. १३७ गेल्या कुठे? आम्ही दोघांनी याद्या शेजारी शेजारी लावल्या. 'हिचा ळ' नव्हता, गुडघा नव्हता, पत्रिकाही नव्हती. अण्णांचे पहिले काही महिने नुसती छायाचित्रे काढण्यात गेले होते. त्या नोंदींमधून चित्रे काढल्यावर आत काहीच उरले नाही, आणि रिकामी झालेली नोंद ते हत्यार आपण होऊन झाडून टाकते. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. रिकामे पाकीट कोण जपून ठेवतो?

भाचीने ती प्रत फेकली आणि नवी घेतली. रिकाम्या नोंदीही काढू नकोस, अशी जादा आज्ञा तिने या वेळी दिली. पुन्हा मोजले. ४१२. तिने पुन्हा मोजले. आरतीसाठी दोनदा बोलावणे येऊन गेले होते.

रात्री सगळे झोपल्यावर मी संपादक उघडला. अण्णांची शेवटची नोंद त्यांनी दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशीची. 'डोळे दमले. उद्या कणगी.' ती चिठ्ठी अजून तशीच राहिली होती, किराण्याच्या यादीच्या पाठीवर, ळ नसलेली. मी 'कणगी' लिहिले. अक्षरे बोटांबरोबर उमटत गेली. पुढे अर्थ लिहिला, गाव लिहिले, शब्द सांगणाऱ्या बाईचे नाव लिहिले आणि जमा करायला बटणावर आलो. खाली एका ओळीची जागा रिकामी होती. तिथे काय लिहावे, ते मला बराच वेळ सुचेना.