लेन्स गेल्यावर

गेम कन्सोल ‘मॉड’ करून मागायला कुणी आलं की मी त्याला वाटेला लावायचो. आमच्या शिरड शहापुरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस मी. फुकटच्या गेमांसाठी कंपनीचं कुलूप फोडायचं, वॉरंटी घालवायची आणि बोर्ड जळाला तर भांडण माझ्या दारात! आता मात्र जुना प्लेस्टेशन 2 आला तर मी स्वतःच विचारतो, करून देऊ का?

मत बदललं ते धुळीमुळे. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे हळद शिजते, वाळते, मग ढोलात घालून पॉलिश होते. त्या दिवसांत पिवळी भुकटी कुठं जात नाही ते विचारा. कन्सोल उघडला की लेन्सवर तिची साय. इअरबडला स्पिरिट लावून पुसलं की डिस्क चालते, थोड्या दिवसांनी परत ‘डिस्क रीड एरर’. मग सगळे मेकॅनिक करतात तेच मीही करायचो: लेझरजवळचा बारीक प्रीसेट पेचकसाच्या टोकानं केसभर फिरवायचा. लेझरला करंट जास्त जातो, डिस्क लगेच वाचली जाते, गिऱ्हाईक खूश. पण जास्त करंटवर लेझरचं आयुष्य झपाट्यानं संपतं. याला मी दुरुस्ती म्हणत होतो, आणि ज्याला नाक मुरडायचो त्या मॉडमध्ये लेझरला कामच उरत नाही.

सोनीनं प्लेस्टेशन 2 बनवणं 2013 मध्ये थांबवलं. चांगली लेन्स मिळणं तेव्हापासून नशिबाचा भाग. पूर्वीची मॉडचिप म्हणजे केसाएवढ्या तारांचं जाळं बोर्डावर सोल्डर करायचं. हात हलला की मशीन गेलं. त्या कामाची माझी भीती खरीच होती. पण 2008 च्या सुमारास ‘फ्री एमसीबूट’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते मेमरी कार्डवर टाकायचं, कार्ड लावून मशीन चालू करायचं, बस्स. मग ‘ओपन पीएस2 लोडर’ हार्ड डिस्कवरून गेम उचलतो. जाड मॉडेलच्या पाठीमागं हार्ड डिस्कची जागाच आहे. स्लिमला पेनड्राइव्ह चालतो, पण मशीनचा यूएसबी जुना 1.1, त्यामुळे गेममधले व्हिडिओ अडखळतात. अगदी शेवटच्या स्लिमवर तर हे कार्ड चालतच नाही. तिथं मी हात वर करतो.

आणि वॉरंटीचं म्हणाल, तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर आमच्या पंचक्रोशीत होतं कधी? ती धास्ती मी शहरातून उसनी आणली होती. 2009 मध्ये या मशीनवर ‘देसी अड्डा’ नावाचा गेम निघाला. कबड्डी, विटीदांडू, पतंग, सगळं आपल्याच मातीतलं, बनवला हैदराबादच्या लोकांनी. घरात अशा गेमची डिस्क आहे आणि मशीन ती वाचत नाही, अशा माणसाला ‘वॉरंटी जाईल’ म्हणून घाबरवणं मला आता हास्यास्पद वाटतं.

नव्या मशीनचं मात्र वेगळं. निन्टेंडो स्विचच्या चिपमधली चूक 2018 मध्ये उघड झाली. ती चिपमध्येच कोरलेली, त्यामुळे विकून झालेल्या मशीनवर अपडेटनं बुजवता येईना. तेव्हापासून पोरं विचारत येतात. त्यांना मी नाहीच म्हणतो. पकडलं गेलं तर ते मशीन ऑनलाइन खेळायला कायमचं बंद, आणि एवढा पैसा त्यात गुंतलेला. हे मॉड विकणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझरला अमेरिकेत 2022 मध्ये 40 महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्यात 2012 पासून कलम 65अ आहे: हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद.

हेतू कुणाचा काय, हे माझ्या काउंटरवर कसं कळणार? म्हणून एकच अट ठेवली आहे. गेमची मूळ डिस्क घेऊन या, तिचीच कॉपी हार्ड डिस्कवर टाकून देतो. डाउनलोड केलेले गेम भरून देत नाही. ‘काका, परभणीला पन्नास गेम भरून देतात,’ असं पोरं तोंडावर सांगतात. जातातही तिकडंच.