चादर आणि मजुरी

नाताळ जवळ आला की आमच्या मनात एक जुना प्रसंग हटकून जागा होतो. त्या वेळी आम्ही वसईतील एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. चर्चचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता आणि त्यानिमित्त नवे सभागृह उभे राहत होते. कामावर जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे होती. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की ही माणसे पोटासाठी डोंगर उतरतात आणि शिमग्याला आपल्या पाड्यावर परततात. आवाराच्या कडेला त्यांनी ताडपत्रीची खोपटी उभारली होती. बाया दिवसभर डोक्यावर घमेली घेऊन परांचीवर चढत आणि तान्ही मुले वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत झोपत.

डिसेंबरची थंडी पडली तेव्हा आमचे मन द्रवले. आम्ही रविवारच्या मिस्सात आवाहन केले. भाविकांनी सढळ हाताने दिले आणि नाताळच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोपटीत एक चादर व मिठाईचा एक पुडा पोहोचला. वाटप आम्ही स्वहस्ते केले. युवकांनी छायाचित्रेही काढली. त्या रांगेतील एका बाईने चादर घेतली, कपाळाला लावली आणि हळूच विचारले, "फादर, चादर चांगली हाय. पण आमची चार हप्त्यांची मजुरी ऱ्हायलीय. ती कोणाकडं मागायची?"

आम्ही म्हणालो, "बाई, ते कंत्राटदाराला विचारा. तो व्यवहार आमचा नाही." ती काही बोलली नाही. चादर काखेत मारून निघून गेली.

मध्यरात्रीच्या मिस्सात आम्ही गव्हाणीवर प्रवचन केले. बेथलेहेमात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्याविषयी बोलताना आमचा स्वर जड झाला होता. लोकांना प्रवचन आवडले. आम्हाला मात्र रात्रभर झोप आली नाही.

वाचकहो, अज्ञान हे आमचे निमित्त होऊ शकत नव्हते. आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा, १९९१ साली, पोप तेरावे लिओ यांच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाची शताब्दी साजरी झाली होती. त्यावर आम्ही निबंध लिहिला होता आणि गुणही चांगले मिळवले होते. मजूर आणि मालक यांचा करार झाला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. मजुराचा काटकसरीने निर्वाह होईल इतके वेतन हा निसर्गन्यायाचा हक्क आहे, असे त्या परिपत्रकाने १८९१ सालीच बजावले होते. मजुराची मजुरी अडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांपैकी एक आहे, हे तर आम्ही स्वतः मुलांना शिकवत होतो. संत याकोबाने आपल्या पत्रात शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीलाच वाचा दिली आहे. अनुवादाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय सांगतो की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, मग तो स्वकीय असो वा परका. इथे तर अठ्ठावीस सूर्य मावळले होते!

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कंत्राटदाराला बोलावून घेतले. तो शांतपणे म्हणाला, "फादर, माझे तिसरे बिल तुमच्याकडेच दोन महिने पडून आहे. मी कुठून देऊ?"

ते खरे होते. महोत्सवाचा मंडप, रोषणाई, बँड आणि भोजन यांसाठी पैसा हाताशी असावा म्हणून ते बिल आम्हीच थांबवले होते. शिवाय आलेल्या निविदांतून सर्वात कमी रकमेची निविदा आम्हीच निवडली होती आणि चर्चचे पैसे वाचवले म्हणून परिषदेने आमचे अभिनंदनही केले होते. ती बचत कोणाच्या ताटातून आली, हे त्या दिवशी कोणी विचारले नव्हते. बाईने प्रश्न अचूक दारी विचारला होता. तिचे देणे आमच्या कपाटात होते आणि आम्ही तिला चादर देऊन पुण्य जोडत होतो.

आम्ही परिषदेची तातडीची सभा घेतली. मतभेद झाले. एक सभासद म्हणाले, "आपण दानधर्म केला, आता मजुरांचे राजकारण चर्चमध्ये कशाला?" कायद्याची जाण असलेल्या दुसऱ्याने दाखवून दिले की कंत्राटी कामगारांसाठी झालेल्या १९७० च्या कायद्याचे तत्त्वही हेच आहे : कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने चुकती करावी. तरीही निर्णय होईना. तेव्हा एक वृद्ध वाडीवाले उठले. म्हणाले, "शनिवारी गड्याची मजुरी द्यायची राहिली, तर आमची आई रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसत नसे. मागे दाराशी उभी राहायची." पुढे कोणी बोलले नाही. बँड रद्द झाला, रोषणाई निम्म्यावर आली. तीन दिवसांत मजुरी आमच्या देखत, ज्याच्या त्याच्या हातात वाटली गेली.

दानधर्म आणि न्याय यांतील फरक आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. तो उमगला मात्र त्या आठवड्यात. दान देताना आपला हात वर असतो. न्याय करताना आपण ऋणको असतो आणि ते मान्य करणे जड जाते. म्हणूनच दानाने कोणी दुखावत नाही, न्यायाने दुखावतात. मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांनी आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवून त्यांचे हक्क समजावून दिले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांनी केवळ कपडे वाटले असते, तर सावकारांना त्या सलल्या नसत्या.

१९७१ साली रोम येथे भरलेल्या महागुरुस्वामींच्या धर्मसभेने सांगितले की न्यायासाठी झटणे हे शुभवर्तमानाच्या घोषणेचे अविभाज्य अंग आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा तेराव्या लिओंचे स्मरण हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे त्यांनीच स्पष्ट केले. ही शिकवण थोर आहे. पण तिची कसोटी रोममध्ये नाही, आपल्या ओटीवर आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आजारपणाची रजा मिळते का, की खाडा कापला जातो? वाडीत राबणाऱ्या बाईला गड्याइतकीच मजुरी मिळते का? चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या सेवकाला आपण काय देतो? हा शेवटचा प्रश्न प्रथम आम्हा धर्मगुरूंना आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. मजुरी वाटली गेली त्या दिवशी ती बाई तिथे नव्हती. मूल आजारी पडल्याने ती नवऱ्यासह आधीच पाड्यावर परतली होती. पाकीट आम्ही मुकादमामार्फत पाठवले. पोहोचल्याचे तो म्हणाला. पुढच्या दिवाळीनंतर मजुरांच्या नाक्यावर आम्ही तिला पुष्कळ शोधले. भेट झाली नाही. तिचे नावदेखील आम्ही विचारले नव्हते. चादर देताना नाव विचारावे लागत नाही. मजुरी देताना मात्र वहीत नाव लिहावेच लागते.

त्यानंतर आमच्या हाताखाली जे जे बांधकाम झाले, त्याची हजेरीवही आम्ही दर शनिवारी सूर्यास्तापूर्वी पाहत आलो आहोत.