डोंगरापलीकडचा मुलुख : झागोरी

योआनिना शहरातून भाड्याची मोटार घेऊन आम्ही उभयता उत्तरेकडे निघालो. थोड्याच वेळात रस्ता पिंडस पर्वतात शिरला आणि घरांचे रूप पालटले. छप्पर, भिंत, अंगण, पायवाट, सारे एकाच करड्या दगडाचे. ग्रीसच्या वायव्येस, अल्बानियाच्या सीमेपासून जवळच असलेल्या या प्रदेशाला झागोरी म्हणतात. नाव मूळ स्लाव्ह भाषेतले. अर्थ ‘डोंगरापलीकडचा मुलुख’. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरांत सेहेचाळीस गावे वसली आहेत. २०२३ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

येथे सपाट जमीन फारच थोडी. उत्तरेस टिम्फी पर्वत जवळजवळ अडीच हजार मीटर उंच, मध्यभागी व्हिकोसची अरुंद, खोल दरी. मग ही ऐसपैस दुमजली घरे, शाळा आणि पूल कोणत्या उत्पन्नातून उभे राहिले? ज्याचे आयुष्य बँकेत ताळेबंद तपासण्यात गेले, त्याला दरीच्या सौंदर्याआधी हाच प्रश्न पडतो.

उत्तर गावाबाहेर सापडते. १४३० साली योआनिना ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेले. झागोरीच्या गावांनी मात्र सुलतानाशी समझोता करून करांत सवलत आणि स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची मुभा मिळवली. पुढे येथील पुरुष व्यापारासाठी बाहेर पडले. कोणी इस्तंबूलला, कोणी आजच्या रुमानियात, कोणी रशियात, तर कोणी इजिप्तमध्ये गेले. खेचरांचे तांडे हाकणारे वाहतूकदार माणसे, माल आणि पैसा यांची ने-आण करीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ‘देसावर’ हा शब्द ज्या अर्थाने उच्चारला जाई, त्याच अर्थाचा एक शब्द ग्रीकांकडेही आहे : ‘क्सेनितिया’, म्हणजे परमुलखातले जिणे. त्या शब्दाभोवती विरहगीतांची मोठी परंपरा निर्माण झाली. घर, शेत, म्हातारी माणसे, सारे स्त्रियांनीच सांभाळले.

परगावी मिळवलेला पैसा गावी परतला, तो केवळ हवेल्या बांधण्यासाठी नव्हे. मोनोदेंद्री गावचे रिझारिस बंधू मॉस्कोत व्यापार करीत. त्यांच्या दानातून १८४४ साली अथेन्समध्ये धर्मोपदेशकांची शाळा सुरू झाली, ती रिझारिओस शाळा. पण मला अधिक भावले ते पूल. पावसाळी ओढे आले की दोन गावांचा संबंध तुटे. म्हणून कोणा धनिकाने खर्च करावा आणि पाथरवटांच्या फिरत्या टोळीने कमान उभी करावी, अशी रीत होती. या पाथरवटांची आपसांत बोलण्याची एक गुप्त बोलीही होती. (धंद्यातील सांकेतिक भाषा आपल्या वाचकांस नवी नाही!) १७५० सालचा एका कमानीचा पूल नूत्सोस कोंतोदिमोस याने बांधविला, मात्र लोक त्याला शेजारच्या पाणचक्कीच्या मालकावरून कोक्कोरिसचा पूल म्हणतात. किपी गावाजवळचा तीन कमानींचा पूल १८१४ साली एका मठाधिपतीने बांधविला, म्हणून तो ‘साधूचा पूल’. पुढे प्लाकिदास घराण्याने दुरुस्ती केली आणि त्यांचेही नाव त्याला चिकटले. डागडुजी करणाऱ्यालाही बांधणाऱ्याइतका मान देणारी ही वहिवाट मला फार आवडली.

गावांच्या वरच्या उतारांवर राखीव राया आहेत, आपल्या देवरायांसारख्याच. तेथे झाड तोडणाऱ्यास धर्मबहिष्काराचा धाक असे. कारण व्यवहाराचेही होते : झाडी गेली तर डोंगराची माती घसरून घरांवर येईल.

विसाव्या शतकाने या मुलुखाला सोडले नाही. १९४० साली इटलीने आक्रमण केले, तेव्हा येथील स्त्रियांनी पाठीवरून दारूगोळा डोंगरावर चढविला. आस्प्रांगेली गावात त्यांचे स्मारक उभे आहे. १९४३ साली जर्मन सैन्याने अनेक गावे जाळली. नंतर यादवी युद्ध झाले आणि उरलीसुरली तरुण मंडळी शहरांकडे गेली. आज उन्हाळ्यात पाहुण्यांनी गजबजणारी गावे थंडीत जवळजवळ ओस असतात.

आम्ही उतरलो त्या घराची मालकीण सत्तरीच्या पुढची. आम्ही अंडेही खात नाही हे कळल्यावर तिने केवळ रानभाज्या घालून पीठाची पोळी भाजून दिली. तिचे आजोबा रुमानियात वारले. घर कित्येक वर्षे बंद होते. अथेन्समधली नोकरी संपल्यावर तिने परत येऊन ते उघडले. मी तिला आमच्या मारवाडातल्या मूळ गावाविषयी सांगितले. आजोबांच्या वाड्याची किल्ली पुण्यात थोरल्या बंधूंच्या कपाटात आहे, हेही सांगितले.

“मग तिथे आता कोण राहते?” तिने विचारले.

“देवळाचा पुजारी,” मी म्हणालो, “आणि धर्मशाळेचा रखवालदार.”

तिने काही न बोलता माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.