उरलेले डोंगर

माझा भाचा लडाखला जाऊन आला आणि आमच्या घरात डोंगर या विषयावर बोलायची सोय राहिली नाही. जेवताना कुणी सज्जनगडच्या पायऱ्यांचे नाव काढले की हा मंद हसे. "मामा, त्या टेकड्या. डोंगर तिकडे." एकदा मी त्याला शांतपणे विचारले, "लेह गाव किती उंचीवर रे?" तो म्हणाला, "साडेअकरा हजार फूट." "आणि तुमचे ते स्टोक कांगडी शिखर?" "वीस हजारांच्या थोडे वर." मी म्हणालो, "म्हणजे निम्म्याहून अधिक उंची तुला विमानाने आणून दिली. तू चढायला लागलास ते त्याच्या पुढे." तो गप्प बसला, पण पटल्यामुळे नव्हे, वडील माणसाशी वाद नको म्हणून.

पठारावरच्या शिखरांचे हे असेच असते. पायथाच इतका वर उचललेला असतो की शिखराच्या उंचीतला बराचसा आकडा फुकटचा. तिबेटात, लडाखात हे आहे, तसे आमच्या कोरेगावातही आहे. कोरेगाव म्हटले की वाचकांना भीमेकाठचे, पुणे जिल्ह्यातले कोरेगाव आठवते. हे ते नव्हे. हे सातारा जिल्ह्यातले, तीळगंगेच्या काठचे, साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की लागणारे तालुक्याचे गाव. समुद्रापासून दोन हजार फुटांच्या थोडे वरच ते आधीच बसलेले आहे. भोवतालचे डोंगर साडेतीन हजारांच्या घरातले. वजाबाकी केली की चढाई उरते तेरा-चौदाशे फुटांची. पण ती कुणी विमानाने चढवून देत नाही.

भाच्याचे हे आजोळ. त्याची आई या डोंगरांकडे पाहत लहानाची मोठी झाली आणि तो मात्र त्यांतला एकही चढलेला नव्हता, हे मला लागून राहिले होते. शिवाय माझ्या गुडघ्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकले आहेत. आणखी एक-दोन वर्षांनी हे डोंगर मी अंगणातूनच पाहणार, हे दिसत होते. गेल्या कार्तिकात, दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत, मी त्याला चार दिवस कोरेगावात अडकवला.

पहिला दिवस जरंड्याचा. मुद्दामच शनिवार धरला होता. मारुतीचा वार, त्यामुळे वाटेवर माणसे होती. भाच्याच्या पायात लडाखी बूट, पाठीवर पिशवी, पिशवीला लोंबणाऱ्या दहा वस्तू. त्याच्या पुढून एक आजीबाई अनवाणी, हातात नारळ आणि तेलाची बाटली घेऊन, शेजारणीशी सुनेच्या तक्रारी करीत चढत होत्या. बोलणे एकदाही तुटले नाही. भाच्याचे मात्र पहिल्या चढालाच तुटले होते.

जरंडेश्वराची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मणासाठी द्रोणागिरी घेऊन जाताना मारुतीच्या हातून एक तुकडा इथे निसटला, तोच हा डोंगर. म्हणून यावर औषधी वनस्पती फार, असेही सांगतात. वर झाडी दाट आहे आणि मारुतीची वंशावळ सांगणारी माकडे धीट आहेत. एकाने भाच्याच्या पिशवीतली सुक्या मेव्याची पुडी काढून नेली. लडाखात असे होत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी नांदगिरी. किल्ल्याचे दुसरे नाव कल्याणगड. माथ्यावर कल्याणस्वामींची समाधी दाखवतात. पायथ्याच्या गावात पाण्याची चौकशी करीत होतो तिथे एक म्हातारबुवा भेटले. वय सत्तरीच्या पुढचे, डोक्याला पटका, हातात बाभळीची काठी. मी म्हटले, "बाबा, वरच्या भुयारात पाणी किती आहे?" ते म्हणाले, "चला की, दावतोच. न्हाईतरी म्हस वरच्या अंगाला गेलीया." आम्ही त्यांच्या मागे चढू लागलो. म्हैस सापडली की नाही ते शेवटपर्यंत कळले नाही; मला वाटते ती गोठ्यातच होती.

पहिल्या दरवाजातून आत गेले की एका अंगाला पायऱ्या खाली उतरतात आणि कड्याच्या पोटात शिरतात. तोंडाशी वाकून जावे लागते. आत पाणी. पावसाळ्यानंतर ते कमरेला लागते आणि असे गार की पहिल्या पावलाला तोंडून देवाचे नाव आपोआप निघावे. धरायला लोखंडी कठडा आहे. त्याच्या आधाराने अंधारात चालत गेले की शेवटी पार्श्वनाथ, पद्मावती आणि दत्त अशी दैवते एकत्र नांदतात. कुणाचे कुणाशी भांडण नाही. पूजा त्यांची ज्याची त्याची होते, काळोख आणि पाणी सगळ्यांना सारखे.

भाच्याने कपाळाला विलायती बॅटरी बांधली होती. पुढे बाबा, मध्ये तो, मागे मी. अर्ध्या वाटेवर तो छताला नमस्कार घालून आला. म्हणजे त्याचे कपाळ आपटले. बॅटरी सुटली, पाण्यात पडली आणि क्षणभर बुडालेला उजेड हिरवट दिसला. मग तोही गेला. मोबाईल आम्ही भिजतील म्हणून बाहेर ठेवलेले.

तसला अंधार शहरात मिळत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळेना. भाच्याचा हात माझ्या दंडावर आला आणि त्याची पकड अशी होती की ती पाच वर्षांच्या पोराची असावी. "मामा, मागे फिरू या." माझ्याही मनात तेच होते, पण मागे कुठे आणि पुढे कुठे हे आधी कळायला हवे ना! थंडीने माझा गुडघा आखडला होता. तो वळवायचा म्हटले तर तळाला पाय घसरत होता. माझे वय झाले आहे आणि मी बहिणीच्या एकुलत्या एका मुलाला डोंगराच्या पोटात घेऊन आलो आहे, हे त्या क्षणी जितके स्पष्ट दिसले तितके त्या काळोखात दुसरे काहीच दिसत नव्हते.

पुढून बाबांचा आवाज आला. अगदी ओट्यावर बसून बोलावे तसा. "कठडा सोडू नगा. कठडा जातुया तितं देव हाय. आनि येताना त्योच कठडा." मग काडी ओढल्याचा आवाज झाला. त्यांच्या पटक्यात काड्यापेटी होती, सगळ्यात कोरड्या जागी. काडीच्या त्या उजेडात देव दिसले. बाबांनी निवांत उदबत्ती लावली, आम्हाला हात जोडायला लावले आणि मग बाहेर काढले. बाहेर आल्यावर ऊन इतके गोड वाटले की भाचा पाच मिनिटे काही बोललाच नाही.

माथ्यावर बसून दशम्या सोडल्या. बरोबर बाबांच्या घरची घेवड्याची आमटी होती. निघताना घरून त्यांनी डबा घेतला होता तो कशासाठी हे तेव्हा कळले. कोरेगावचा वाघ्या घेवडा. दाण्यावर लालसर पट्टे असतात म्हणून वाघ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला आहे तो. गंमत अशी की तो पिकतो इथे आणि राजमा म्हणून खपतो दूर उत्तरेत. भाच्याने विचारले, "बाबा, हा डोंगर तुमच्या लहानपणी असाच होता का?" शहरी माणसे असेच काहीतरी विचारतात. बाबा म्हणाले, "डोंगर हाय त्योच. ओढा बदाललाय. पोरपनी आमी त्यो उडी मारून वलांडायचो. आता उतारून चढावं लागतंय."

या एका वाक्यात भूगोलाचे पुस्तक होते. दख्खनचे हे काळे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. थरावर थर वाहत आले आणि थिजले. मग कृष्णा, वसना, तीळगंगा आणि त्यांना मिळणारे शेकडो निनावी ओढे ते कोरीत बसले. जिथे घट्ट थर, तिथे कडा उभा राहिला. जिथे मऊ, तिथे उतार झाला, माची झाली. सच्छिद्र खडकातून पाणी झिरपते आणि खालच्या घट्ट थराशी अडते. गडांवरच्या टाक्यांना नि लेण्यांना पाणी लागते ते अशाच जागी. हिमालय अजून वर ढकलला जात आहे. आमचे डोंगर तसे वर आलेले नाहीत. पूर्वी जमीन एवढीच उंच होती. भोवतालची गेली, हे उरले. जरंड्याच्या कथेत डोंगर आकाशातून पडला. खरी गोष्ट त्याहून अजब आहे. डोंगर जागचा हलला नाही, मुलूखच त्याच्या भोवतालून निघून गेला.

भाच्याला हे सांगून पटले नसते. ते पटले तिसऱ्या दिवशी चंदन-वंदनवर. हे जोडकिल्ले शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधले असे मानतात. १६७३ साली ते स्वराज्यात आले. दोहोंमधल्या खिंडीत बेलमाचीची वस्ती. चंदनवर महादेवाचे स्थान, वंदनवर दर्गा. वंदन थोडा उंच. त्याच्या माथ्यावर, पडक्या तटाशी आम्ही उभे होतो. पूर्वेला कल्याणगड, दक्षिणेला जरंडा, पलीकडे अजिंक्यतारा, इकडे वैराटगड. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. भाच्याने हात आडवा धरला, एक डोळा मिटला आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सगळे माथे सपाट आणि जवळपास एका रेषेत, पूर्वेकडे किंचित उतरत गेलेले. "मामा," तो म्हणाला, "हे सगळे एकच मैदान होते." मी म्हटले, "हो. आणि तू आता त्याच्या मूळच्या जमिनीवर उभा आहेस. खाली दिसते ते धुपलेले."

त्यानंतर त्याने 'टेकडी' हा शब्द उच्चारला नाही.

उतरताना किन्हईला गेलो. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्याचे हे मूळ गाव. साखरगडच्या देवीच्या पायऱ्या मात्र मी खालूनच नमस्कारून घेतल्या. गुडघ्याने त्या दिवसापुरता संप पुकारला होता.

शेवटचा वर्धनगड. महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास बांधला. साताऱ्याचा किल्ला १७०० च्या एप्रिलात औरंगजेबाने घेतला आणि १७०१ साली वर्धनगड, नांदगिरी, चंदन, वंदन असे आमचे चारही मोगलांच्या हाती गेले. पुढे मराठ्यांनी ते परत मिळवले आणि १८१८ नंतर कुणाला त्यांची गरजच राहिली नाही. वर्धनगडाचा तट अजून बराच शाबूत आहे, गोमुखी दरवाजा देखणा आहे. वर वर्धनीमातेचे देऊळ. पण मला तिथे भाच्याला तट दाखवायचा नव्हता, पाणी दाखवायचे होते.

या डोंगराच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वसनेवाटे कृष्णेला लवकर गाठतो. पूर्वेला पडलेला येरळेत जातो, खटावचा कोरडा मुलूख तुडवीत सांगलीकडे उतरतो आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळतो. महाबळेश्वरी आभाळ फाटते, आणि तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावे अशा या माण-खटावात लोक ढगांकडे बघत बसतात. एका बाजूला उसाचा हिरवा पट्टा, दुसऱ्या बाजूला पिवळी कुसळे. मधल्या भिंतीवर आम्ही बसलेलो.

बाबांचा ओढा जो खाली चालला आहे, तो जाताना माती घेऊन चालला आहे. ती अडवायची कशी? २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तेव्हा राज्यातले तीन तालुके निवडले होते: वरूड, अंबाजोगाई आणि आमचे कोरेगाव. पंचेचाळीस दिवस इथली माणसे उन्हात उतारावर चर खणत होती. पहिला नंबर आमच्या तालुक्यातल्या वेळूचा आला. समतल चर म्हणजे डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवरून मारलेली आडवी रेघ; पावसाचे पाणी धावत सुटते ते तिथे थबकते, मुरते आणि मातीही तिथेच बसते. नंबर येणे सोपे, चर दरवर्षी उपसत राहणे कठीण. गाळाने भरलेला चर पाहिला की मला घरातल्या न झाडलेल्या कोपऱ्यासारखे वाटते. आणि फाल्गुनात कुणीतरी विडीची थोटके टाकून गवताला वणवा लावतो, मग उघडी माती पहिल्या वळवालाच गावाला निरोप देते. यावर माझा राग आहे आणि तो मी दिवाळीतही लपवणार नाही.

भाचा बराच वेळ पूर्वेकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "मामा, बाबांचा ओढा कुठून फुटतो ते आपण पाहिलेच नाही. मे महिन्यात येऊ? त्यांना विचारून थोडे खणता येईल." मी गुडघ्याकडे पाहिले. म्हटले, "तू ये. मी खाली बसून चहा करीन."

दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याच्या एस.टी.त बसवायला कोरेगावच्या स्टँडवर गेलो. निघताना बाबांनी बळेच दिलेला दोन किलो घेवडा त्याच्या पिशवीला बाहेरून बांधला होता, लोंबणाऱ्या दहा वस्तूंत अकरावी. पिशवी वरच्या फळीवर टाकताना कापड कशाला तरी अडकून टरकन फाटले आणि घेवडा गाडीभर सांडला. आसनांखाली, चपलांत, एका मावशींच्या टोपलीत. सगळी गाडी खाली वाकली. पोरे रांगू लागली, मावशी पदरात वेचू लागल्या, ड्रायव्हरने इंजिन बंद केले. निघायची वेळ टळली तरी कुणी कुरकूर केली नाही. बी आहे, तुडवायचे नाही, एवढे सगळ्यांना कळत होते.

शेवटी कंडक्टरने आपल्या तिकिटांच्या पेटीतून एक पट्ट्यांचा दाणा काढला आणि खिडकीतून वाकून पाहणाऱ्या माझ्या भाच्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या पावनं, ह्यो एक वाघ मागं ऱ्हायला हुता."