वीरला आलाय करंट!

रायगड किल्ला करायचाय आणि बुडाखाली स्वतःची गाडी नाही? सरळ कोकण रेल्वेनं वीर गाठा. महाडसाठी जवळचं स्टेशन हेच. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर इथं थांबते. उतरल्यावर जरा मान वर करा. डोंगराच्या आधी दिसते ती वायर.

या वीरचं नशीब भन्नाट आहे. 1993मध्ये कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा सुरू झाला, तेव्हा रूळ इथंच संपायचे. 2021मध्ये रोह्याहून डबल ट्रॅक आला, तोही इथवरच! आणि 2022मध्ये रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा अख्खा मार्ग विजेवर आला. कुणी मोर्चा काढला? छे. तिकीट काढताना इंजिन डिझेलचं की विजेचं, हे आपण विचारतो तरी का?

रस्त्यावरच्या गाड्यांचा विषय मात्र नुसता काढा, लोक उसळतात. जानेवारी 2025मध्ये प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टानं सांगितलं, महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं बाद करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक ठेवता येतील का, ते तपासा. सरकारनं सात जणांची समितीही नेमली. महाड काही त्या महानगरात येत नाही. पण मुंबईची गाडी गणपतीला येते कुठं? इकडंच की!

स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्या काकांना मी छेडलंच. ते म्हणाले, “ताई, ट्रेनला वायर दिली. मला कोण देणार?”

लाख बोलले काका! ट्रेन इंधन सोबत नेत नाही, वायरच तिच्यासोबत चालते. शिवाय रेल्वेनं आधी वायर टाकली, मगच डिझेलचं इंजिन काढलं. आपल्याकडं उलटं होईल ही धास्ती आहे. राज्याच्या 2025च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. छानच! पण फास्ट चार्जरलाही अर्धा-पाऊण तास लागतो, आणि गणपतीच्या आदल्या रात्री गोवा हायवेवर रांग केवढी असते ते तुम्ही जाणताच. त्यात भाड्याचा फ्लॅट, सोसायटीत पार्किंगची बोंब, जुन्या गाडीचा ईएमआय अजून चालू... आपल्यापैकी कितीजण घरी चार्जर बसवू शकतात?

मला मुंबईची हवा स्वच्छ हवीय, अगदी मनापासून. पण महाडचा माणूस लाइट गेली की काय होतं ते बघून बसलाय. जून 2020मध्ये निसर्ग वादळ, जुलै 2021मध्ये महापूर. दोन्ही वेळा वीज गायब. (पेट्रोल पंपालाही वीज लागतेच, पण तो जनरेटरवर तरी चालतो.) अशा रात्री पेशंटला दवाखान्यात न्यायचं असेल आणि बॅटरी दहा टक्क्यांवर असेल, तर धोरण कोणाला दाखवायचं?

मधला मार्ग वीरवरूनच जातो. कोलाडहून 1999पासून रो-रो ट्रेन सुटते. डिझेलचे ट्रक वॅगनवर उभे, इंजिनं बंद, आणि आता ओढायला वीज. 2025च्या गणपतीत हीच सोय कारसाठी कोलाड ते वेर्णा अशी सुरू झाली, भाडं 7,875 रुपये. आयडिया झकास! फक्त वीरला ती गाडी उतरवून देत नाही.