तीन किल्ल्या

टाकव्याच्या आमच्या घरी लॅपटॉप एकच. मी पुण्यात असलो की अण्णा आणि धाकटी बहीण तो वापरतात. तिघांची तीन खाती, तीन पासवर्ड. मी निर्धास्त होतो.

मागच्या पावसाळ्यात लिनक्स सुरूच होईना. पेनड्राइव्हवरून चालू केलं, तर बहिणीचं फोल्डर पासवर्ड न विचारता उघडलं. आत तिची रोजनिशी होती. दोन ओळी वाचल्या, बंद केली आणि तिला सांगून टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खात्याचा पासवर्ड म्हणजे दारातला राखणदार. डिस्क दुसऱ्या वाटेने वाचली की तो आडवा येत नाही. मजकूरच कुलपात हवा.

लिनक्समध्ये त्यासाठी 'लक्स' आहे. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करून तिघांना तीन पासवर्ड देता येतात. लक्स २ मध्ये ३२ पर्यंत चालतात. पण त्या सगळ्या एकाच दाराच्या किल्ल्या. चोरापासून बचाव होतो, भावापासून नाही. म्हणून प्रत्येकासाठी वेगळी लक्स फाइल केली. लॉगिन केलं की 'पॅम-माउंट' त्याच पासवर्डने ज्याची त्याची फाइल उघडतं, लॉगआउट केलं की मिटतं.

अण्णांनी आपला पासवर्ड सातबाऱ्याच्या फाइलीत लिहून ठेवला. मी हसलो नाही. विसरले तर त्यांचे स्कॅन केलेले कागद मलाही परत आणता येणार नाहीत.

बहिणीने विचारलं, "दादा, आता तुला दिसणार नाही ना?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण तिची फाइल उघडी असताना अ‍ॅडमिनला आत शिरता येतं, आणि अ‍ॅडमिन मीच होतो. तसं सांगितलं.

"मग अ‍ॅडमिन मला कर."

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा मी तो आनंदाने शेअर केला होता. तो हक्क सरकारकडे मागायचा असतो, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. घरात कुणी माझ्याकडे मागेल असं वाटलं नव्हतं.

अधिकार तिला दिले. आता माझी फाइल उघडी असताना तिला दिसू शकतं. शनिवारी लोकलने कान्ह्याला उतरून घरी येतो, आणि काही इन्स्टॉल करायचं असेल तर तिला विचारतो. ती म्हणते, "कशाला हवंय ते आधी सांग."